हायपरथर्मिया घेताना: उष्णतेची मात्रा, रुग्णाची तयारी आणि भाजण्यापासून बचाव

गाठीचं तापमान ४० ते ४३ अंश सेल्सिअसपर्यंत चढवायचं, साधारण तासभर तिथेच धरून ठेवायचं आणि त्याच्या आगेमागे काही तासांत रेडिएशन किंवा केमो द्यायची, या उपचाराला हायपरथर्मिया म्हणतात. एकट्या उष्णतेच्या जोरावर कर्करोग घालवतो असं कोणी सांगत असेल तर तिथून सरळ उठून यावं. या तापमानाला थेट मरणाऱ्या पेशी थोड्याच असतात. फायदा आहे तो असा, की बाकीच्या पेशी रेडिएशनला आणि औषधाला लवकर बळी पडतात. मूळ उपचार बंद करून नुसती उष्णता घेतली, तर ती कशाला जोड देणार?

रेडिएशनला पेशी मारायला ऑक्सिजन लागतो. मोठ्या गाठीत रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात, गाभ्यापर्यंत रक्त नीट पोचत नाही आणि तिथल्या पेशी ऑक्सिजनविना, आम्ल वातावरणात तग धरून बसतात. रेडिएशनला त्या दाद देत नाहीत. उष्णतेपुढे मात्र त्याच आधी नमतात. शिवाय रेडिएशनने तुटलेले डीएनएचे धागे पेशी एरवी काही तासांत सांधून घेते. ४१-४२ अंशांना हे सांधकाम करणारी यंत्रणा काही तास लुळी पडते. सौम्य उष्णतेने रक्तप्रवाहही वाढतो, त्यामुळे औषध गाठीत जास्त उतरतं. सिसप्लॅटिन, डॉक्सोरुबिसिन, आयफॉस्फामाइड, मायटोमायसिन या औषधांचा परिणाम उष्णतेत वाढतो. सगळ्या औषधांचं तसं नसतं, म्हणून ‘कुठल्याही केमोबरोबर चालतं’ या उत्तरावर समाधान मानू नका.

तुम्हाला नेमकं काय सुचवलंय?

‘हीट ट्रीटमेंट’ या एकाच नावाखाली चार-पाच वेगळ्या गोष्टी खपतात. कागदावर प्रकार लिहून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

त्वचेजवळच्या गाठींसाठी, म्हणजे स्तन काढल्यानंतर छातीवर पुन्हा आलेला आजार, मानेतल्या गाठी, मेलानोमा (त्वचेचा एक कर्करोग) अशांसाठी वरवरची हायपरथर्मिया असते. यात ४३४ किंवा ९१५ मेगाहर्ट्झच्या लहरी वापरतात आणि त्यांची उष्णता तीन-चार सेंटिमीटरपर्यंतच नीट पोचते. गाठ त्याहून खोल असेल तर हे यंत्र तिच्या कामाचं नाही.

गर्भाशयमुख, मूत्राशय, गुदाशय, पोटातला किंवा मांडीतला सार्कोमा (स्नायू, चरबी अशा ऊतींचा कर्करोग) यांना खोलवरची हायपरथर्मिया लागते. एका पद्धतीत शरीराभोवती अँटेनांचं कडं असतं, साधारण ७० ते १२० मेगाहर्ट्झचं. दुसरीत शरीराच्या दोन बाजूंना दोन प्लेटा ठेवून ८ किंवा १३.५६ मेगाहर्ट्झचा विद्युतप्रवाह आरपार नेतात. दोन्हींतला मोठा फरक चरबीच्या थरात दिसतो. प्लेटांच्या पद्धतीत विद्युतक्षेत्र चरबीला काटकोनात छेदतं आणि चरबी गाठीपेक्षा जास्त तापते. त्वचेखालची चरबी दोन सेंटिमीटरहून जाड असेल तर या पद्धतीने खोलवरची गाठ हवी तशी तापणं अवघड असतं. पोट सुटलेल्या रुग्णाने यंत्र कोणत्या जातीचं आहे हे मुद्दाम विचारावं.

हायपेक ही ऑपरेशनच्या टेबलावरची गोष्ट. पोटातल्या दिसतील तेवढ्या सगळ्या गाठी काढून झाल्या की ४० ते ४३ अंशांचं औषधाचं द्रावण पंपाने अर्धा ते दीड तास पोटाच्या पोकळीत फिरवतात. रुग्ण पूर्ण भुलीत असतो, त्यामुळे पुढे ‘सत्राचा दिवस’ या भागात जे लिहिलंय ते तिथे लागू होत नाही. मूत्राशयाच्या आतल्या अस्तराच्या आजारात गरम केलेलं मायटोमायसिन नळीने मूत्राशयात सोडतात, तोही वेगळा प्रकार.

सुई घालून गाठ जाळणं, म्हणजे रेडिओफ्रीक्वेन्सी किंवा मायक्रोवेव्ह अॅब्लेशन, यात तापमान ६० अंशांच्या वर जातं आणि पेशी तिथल्या तिथे मरतात. यकृतातल्या तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींना हे चांगलं लागू पडतं. गाठीला खेटून मोठी रक्तवाहिनी असेल तर वाहतं रक्त उष्णता पळवून नेतं आणि त्या कडेच्या पेशी वाचतात. हा लेख अॅब्लेशनबद्दल नाही. केंद्राच्या माहितीपत्रकात दोन्हींचे निकाल एकत्र कालवलेले असतील तर सावध व्हा.

कोणाला फायदा झाल्याचा पुरावा आहे

नेदरलँड्समधल्या चाचणीचे निकाल २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. ओटीपोटातल्या पुढच्या टप्प्याच्या कर्करोगाचे ३५८ रुग्ण तिच्यात होते, पैकी ११४ स्त्रिया गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या. या ११४ जणींत नुसत्या रेडिएशनने ५७ टक्क्यांची गाठ पूर्ण विरघळली, उष्णतेची जोड दिल्यावर ८३ टक्क्यांची. तीन वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण २७ विरुद्ध ५१ टक्के होतं. हे आकडे जाहिरातीत फार दिसतात. त्या चाचणीत तुलना नुसत्या रेडिएशनशी होती हे मात्र कोणी सांगत नाही. आज रेडिएशनबरोबर दर आठवड्याला सिसप्लॅटिन देणं हाच शिरस्ता आहे. त्या जोडीवर आणखी उष्णता चढवून पाहिलेली १०१ स्त्रियांची जपानी चाचणी २०१६ मध्ये आली. तिच्यात गाठ पूर्ण विरघळण्याचं प्रमाण वाढलं, पण जगण्यातला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. म्हणून किडनी कमजोर असल्याने किंवा दुसऱ्या कारणाने सिसप्लॅटिन देता येत नाही, अशा रुग्णांसाठी उष्णतेचा विचार जास्त सयुक्तिक वाटतो.

स्तनाच्या वरवरच्या गाठींवरच्या पाच चाचण्यांचा एकत्रित निकाल १९९६ चा: पूर्ण विरघळण्याचं प्रमाण ४१ वरून ५९ टक्के. त्याच जागी आधी रेडिएशन झालेलं असेल तर दुसऱ्या वेळी किरणांची मात्रा कमी ठेवावी लागते. अशा वेळी उष्णता सर्वात जास्त कामाला येते. स्नायू-चरबीतल्या मोठ्या सार्कोमात केमोबरोबर उष्णता दिलेल्या ३४१ जणांच्या चाचणीत पाच वर्षांनी ६२.७ टक्के रुग्ण जिवंत होते, नुसत्या केमोत ५१.३ टक्के.

हायपेकबाबत चित्र मिश्र आहे. अंडाशयाच्या तिसऱ्या टप्प्यातल्या कर्करोगात, आधी केमो देऊन मग ऑपरेशन झालेल्या २४५ स्त्रियांत सिसप्लॅटिनच्या हायपेकने मध्यक आयुर्मान (निम्म्या स्त्रिया निदान जितका काळ जगल्या तो) ३३.९ महिन्यांवरून ४५.७ महिन्यांवर गेलं. ही चाचणी २०१८ ची. मोठ्या आतड्याचा कर्करोग पोटात पसरला असताना ऑक्सॅलिप्लॅटिनची अर्ध्या तासाची हायपेक देऊन पाहिली, तेव्हा आयुष्य वाढलं नाही.

मात्रेचं गणित

केमोची मात्रा मिलिग्रॅममध्ये आणि रेडिएशनची ग्रेमध्ये मोजतात. उष्णतेची मात्रा मोजतात ‘४३ अंशांची तुल्य मिनिटं’ या मापात. सापारेटो आणि ड्यूई या संशोधकांनी १९८४ मध्ये मांडलेला हा हिशेब घरी कागदावरही करता येतो. ४३ च्या वर दर अंशाला लागणारा वेळ निम्मा होतो, ४३ च्या खाली दर अंशाला चौपट होतो. ४२ अंशांना काढलेला एक तास म्हणजे ४३ अंशांची १५ मिनिटं. ४१ अंशांना तोच तास पावणेचार मिनिटांचा उरतो आणि ४० अंशांना जेमतेम एका मिनिटाचा. एका अंशाने एवढं बिघडतं, म्हणून ‘गाठ छान गरम झाली होती’ या वाक्याला काडीचाही अर्थ नाही.

हा हिशेब मुळात पेशी थेट मरण्याचा आहे. रक्तप्रवाह आणि डीएनएच्या सांधकामावरचे परिणाम ४०-४१ अंशांनाही मिळतात, त्यामुळे आकडा लहान आला म्हणजे सत्र वाया गेलं असं नाही. पण आकडाच नसेल तर बोलणंच खुंटतं.

आकडा येतो गाठीत किंवा तिच्या अगदी शेजारी ठेवलेल्या तापमापकांवरून. वरवरच्या गाठीत बारीक प्लास्टिकची नळी जागा बधिर करून आत सरकवतात आणि तिच्यातून काचतंतूचा तापमापक घालतात. ओटीपोटाच्या उपचारात योनी, गुदद्वार, मूत्राशय यांतून तापमापक जातात. काही केंद्रांत एमआरआयवर तापमान वाचलं जातं. तापमापक नळीतून सेंटिमीटर-सेंटिमीटर मागे ओढत जागोजागची नोंद घेतली जाते, कारण गाठ सगळीकडे सारखी तापत नाही. रक्त कमी असलेला गाभा झटकन तापतो, भरपूर रक्त असलेली कड थंड राहते. यासाठी अहवालात ‘टी-९०’ पाहा: मोजलेल्या जागांपैकी ९० टक्के जागांनी गाठलेलं तापमान. फक्त सर्वाधिक तापमान लिहिलं असेल तर त्यावरून काहीच कळत नाही. ‘आमच्या यंत्रात तापमान महत्त्वाचं नसतं, लहरींची खास रचना काम करते’ असं कोणी सांगितलं तर त्याच आजारावर, त्याच यंत्राने झालेल्या तुलनात्मक चाचणीचे निकाल मागा.

आठवड्यात किती वेळा, हेही आकड्याइतकंच महत्त्वाचं. उष्णता लागली की पेशी स्वतःला सावरणारी प्रथिनं तयार करतात आणि पुढचे ४८ ते ७२ तास त्यांना उष्णता फारशी बाधत नाही. म्हणून सत्रं आठवड्यातून एकदा किंवा दोनदा असतात आणि दोन सत्रांत निदान दोन-तीन दिवस सोडतात. रोज बोलावणाऱ्या केंद्राला यामागचं कारण जरूर विचारा.

वेळापत्रक लावताना

रेडिएशन आणि उष्णता एकाच दिवशी, बहुतेक ठिकाणी रेडिएशन आधी आणि त्यानंतर एक ते चार तासांत उष्णता. अंतर जितकं कमी तितकं बरं, आणि दर वेळी साधारण सारखं ठेवलेलं बरं. दोन्ही विभाग वेगवेगळ्या इमारतींत किंवा वेगवेगळ्या रुग्णालयांत असतील तर प्रवासाचा वेळ धरून दोघांच्या वेळा एकाच फोनवर ठरवा. रुग्णाने मधल्या मध्ये निरोप पोचवत बसणं, इथूनच अर्धे घोटाळे सुरू होतात.

हायपरथर्मियाचं यंत्र बंद पडलं, सुट्टी आली, ताप आला, तर उष्णतेचं सत्र चुकू द्या. त्यासाठी रेडिएशन थांबवू नका. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात आतल्या (किरणांचा स्रोत शरीरात ठेवून दिलेल्या) रेडिएशनसकट सगळा उपचार आठ आठवड्यांत संपवायचा असतो. तो लांबला तर आजार परतण्याचा धोका वाढतो, आणि उष्णतेने तो भरून निघत नाही.

आधीच सांगायच्या गोष्टी

पेसमेकर किंवा शरीरात बसवलेला डिफिब्रिलेटर असेल तर लहरींची हायपरथर्मिया बहुतेक ठिकाणी देतच नाहीत. गरोदरपणात ती देत नाहीत. अलीकडचा हृदयविकाराचा झटका, आटोक्यात नसलेलं हृदयाचं दुखणं किंवा रक्तदाब असेल तर आधी हृदयाच्या डॉक्टरांचा सल्ला लागतो. ओटीपोट तापवताना सगळं शरीर ३८-३९ अंशांपर्यंत जातं आणि नाडी शंभरच्या वर धावते.

धातू कुठे कुठे आहे याची यादी करा. खुब्याचा किंवा गुडघ्याचा बदललेला सांधा, हाडातली पट्टी आणि स्क्रू, स्टेंट, ऑपरेशनच्या क्लिपा, केमोचा पोर्ट, तांब्याची गर्भनिरोधक कॉपर-टी, स्तनाच्या पुनर्रचनेसाठी बसवलेला फुगा (त्याच्या तोंडाशी धातू असतो). उपचाराच्या जागेपासून दूर असलेल्या धातूची अडचण सहसा नसते, पण हे ठरवायचं डॉक्टरांनी. ‘लहानसंच आहे’ म्हणून गाळू नका.

तापवायच्या भागात संवेदना कमी आहे का, हा प्रश्न फार वेळा राहून जातो. स्तनाच्या ऑपरेशननंतर काखेखाली आणि छातीवर मोठा पट्टा बधिर असतो. दुसरीकडून आणून बसवलेल्या त्वचेला तर काही कळतच नाही आणि तिथे रक्तही कमी, त्यामुळे तापलेली जागा निवतही नाही. केमोने किंवा मधुमेहाने नसा बधिर झालेल्या असतात. बोटाने आणि थंड चमच्याने चाचपून कुठे कळत नाही ते पेनने आखून घ्या आणि टेक्निशियनला दाखवा. तापमापक बसवायची पहिली जागा तीच.

वेदनेसाठी फेंटानिलचा चिकटपट्टा लावलेला असेल तर ते ठळक सांगा. उष्णतेने त्यातून औषध जास्त वेगाने शरीरात जातं. रुग्ण गुंगीत जाऊ शकतो, श्वास मंदावू शकतो. पट्टा आपल्या मनाने काढूही नका, कारण वेदना उफाळतील. त्या दिवशी काय करायचं ते वेदनाशमन करणारे डॉक्टर ठरवतील. काही औषधी पट्ट्यांच्या पाठीला धातूचा पातळ पापुद्राही असतो.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा प्लेटलेट कमी असतील तर नळी घालायच्या आधी कळलं पाहिजे. रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे सत्रानंतर उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. बीटा-ब्लॉकर (नाडी मंद ठेवणाऱ्या रक्तदाब-हृदयाच्या गोळ्या) घेणाऱ्यांची नाडी वाढत नाही, त्यामुळे शरीरावर ताण नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

सत्राचा दिवस

सगळी मिळून दोन ते तीन तासांची सवड ठेवा: मांडणीला अर्धा-पाऊण तास, तापमान चढायला १५ ते ३० मिनिटं, ठरलेल्या तापमानाला एक तास, मग निवणं.

हलकं खाऊन या. आधीच्या दिवसापासून पाणी नेहमीपेक्षा जास्त प्या. हृदयासाठी किंवा किडनीसाठी पाण्यावर मर्यादा घातलेली असेल तर ती पाळा आणि तसं सांगा. त्याच दिवशी सिसप्लॅटिन असेल तर घामाने गेलेलं पाणी किडनीला महागात पडतं. सलाईन किती आणि केव्हा, हे विचारून ठेवा. उपचाराच्या भागावर तेल, मलम, पावडर, डिओडरंट काही नको. अंगठ्या, साखळी, केसांच्या पिना, श्रवणयंत्र, साखर मोजणारा सेन्सर, इन्सुलिन पंप बाहेर ठेवायचे. सुती सैल कपडे, सोबत एक कोरडा जोड. ओटीपोटाच्या उपचाराआधी लघवी करून या. मूत्राशयात तापमापक जाणार असेल तर नळी तिथेच घालतील.

झोपेच्या किंवा भीती घालवणाऱ्या गोळ्या स्वतःहून घेऊन येऊ नका. पूर्ण भूल न देता जागं ठेवण्यामागे कारण आहे: दहा-बारा तापमापकांच्या मधल्या जागेत काय चाललंय ते फक्त रुग्णाला कळतं.

त्वचा आणि यंत्र यांच्यामध्ये पाण्याची पिशवी असते. ती लहरी शरीरात नीट उतरवते आणि त्वचेचं तापमान सांभाळते. वरवरच्या गाठीसाठी पाणी कोमट, खोलवरच्या गाठीसाठी थंड. पिशवीत हवेचा बुडबुडा राहिला किंवा ती एखाद्या खळग्यात टेकली नाही तर नेमकं तिथेच भाजतं. मांडणी झाल्यावर पिशवी सगळीकडे लागतेय का ते रुग्णाने सांगायचं. घामाचं पाणी साचलं की तिथेही विद्युतप्रवाह एकवटतो. जांघा, नितंबांमधली घडी, स्तनाखालची घडी, मांड्यांच्या मध्ये कोरडं सुती कापड ठेवायला सांगा आणि ओलं झालं की बदलून मागा. जुने व्रण आणि त्वचेलगत आलेली हाडं याही ठरलेल्या जागा.

शक्ती हळूहळू चढवतात. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन आणि तापमान दर काही मिनिटांनी नोंदवलं जातं. निरोगी भागात तापमान साधारण ४३ च्या वर जाऊ देत नाहीत. गाठ कमी तापली तर शक्ती वाढवून भागत नाही, कारण आधी निरोगी भाग भाजतो. मग अँटेनांचा मेळ बदलून उष्णतेचा झोत सरकवावा लागतो. हे काम येणारा माणूस यंत्रासमोर बसलेला असणं ही या उपचारातली सर्वात मोलाची गोष्ट आहे, यंत्राच्या किमतीपेक्षाही.

आता सर्वात महत्त्वाचं. खोलवरच्या भागाला ‘गरम’ अशी जाणीवच नीट होत नाही. तिथे जास्त तापलं की रुग्णाला दाब वाटतो, आतून काही रुतल्यासारखं वाटतं, एखादं हाड ठणकतं किंवा लघवीची घाई होते. ‘गरम नाही हो, नुसतं दाबल्यासारखं होतंय’ म्हणून गप्प राहणारे रुग्ण हमखास भाजतात. दाब म्हणजे उष्णता असंच धरून चला आणि बोला: कुठे, किती मोठी जागा, वाढतंय की तेवढंच आहे. टेक्निशियन क्षणभर शक्ती बंद करेल. दुखणं थोड्याच वेळात ओसरलं तर ते उष्णतेचं होतं. तसंच राहिलं तर झोपण्याच्या स्थितीचं. उशी सरकवली की बरं वाटतं. सहन करणं इथे शौर्य नाही. उलट वेळेवर बोलणाऱ्याचा उपचार जास्त तापमानाला, जास्त वेळ चालवता येतो, कारण समोरच्याला अंदाज येतो. रुग्ण संकोची असेल तर सोबतच्या माणसाने दर पाच मिनिटांनी विचारत राहावं.

धडधड, मळमळ, डोकं भणभणणं, श्वास जड होणं यांपैकी काही झालं तर लगेच सांगा. खोली थंड असावी, कपाळावर ओला रुमाल आणि पंखा चालतो. संपल्यावर झटकन उठू नका. दहा मिनिटं पडून, मग बसून, मग उभे.

घरी गेल्यावर

त्या संध्याकाळी थकवा येतो, घाम जातो; पाणी प्या आणि गाडी स्वतः चालवू नका. उपचाराचा भाग उजेडात नीट पाहा, बधिर जागा आणि पाठ दुसऱ्याने पाहावी. लालसरपणा काही तासांत उतरतो. फोड आला तर फोडू नका, बर्फ लावू नका, घरातलं कुठलंही मलम लावू नका. रेडिएशन चालू असलेल्या त्वचेवर काय लावायचं ते तिथल्या सिस्टरांना विचारा आणि पुढच्या सत्राआधी फोड दाखवा.

एक-दोन दिवसांनी त्वचेखाली कडक, दाबल्यावर दुखणारी गाठ लागली तर भीतीने पोटात गोळा येतो. बहुतेकदा ती चरबी भाजल्याची असते. वर त्वचा अगदी चांगली दिसते, गाठ काही आठवडे राहते आणि हळूहळू विरते. तरीही डॉक्टरांना दाखवून फाइलमध्ये तारीख आणि जागा लिहून घ्या. पुढच्या स्कॅनमध्ये तिथे काही दिसलं तर आजार परतला की भाजल्याची खूण आहे, हे ठरवताना ती नोंद उपयोगी पडते. शिवाय त्या जागेवर पुढच्या वेळी जास्तीचा तापमापक लावता येतो.

ताप हा नाजूक विषय. सत्रानंतर शरीराचं तापमान चढलेलं असतं, ते एक-दोन तासांत खाली यायला हवं. घरी थर्मामीटर ३८ अंश, म्हणजे १००.४ फॅरेनहाइट, किंवा त्याहून जास्त दाखवत असेल, किंवा उतरून पुन्हा चढलं असेल, तर ‘आजच शेक घेतलाय म्हणून असेल’ असं समजून पॅरासिटामॉल देऊ नका. केमोमुळे पांढऱ्या पेशी कमी असताना हा संसर्ग असू शकतो आणि त्यात काही तासांचा उशीरही जिवावर बेततो. रात्र असली तरी रुग्णालयाला फोन करा.

घरातली उष्णता

सौना, इन्फ्रारेड चटई, गरम पाण्याचा टब, विजेची शेकपिशवी यांनी त्वचा तापते, खोलवरची गाठ ३७ च्या आसपासच राहते. शरीर घाम आणि रक्तप्रवाहाने ती उष्णता बाहेर टाकतं. यांचा कर्करोगावर उपचार म्हणून उपयोग नाही. स्नायू आखडले, कंबर धरली, तर शेक घ्यायला हरकत नाही, पण काही जागा सोडून: रेडिएशन चालू असलेली किंवा नुकतीच संपलेली त्वचा, बधिर हातपाय, औषधी पट्ट्याची जागा, रक्ताची गुठळी झालेला पाय, आणि काखेतल्या किंवा जांघेतल्या गाठी काढल्यावर सुजलेला हात-पाय. सुजलेल्या अवयवाला उष्णता दिली की सूज वाढते. शेकताना पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळा, १५-२० मिनिटांवर जाऊ नका, दर पाच मिनिटांनी त्वचा पाहा आणि पिशवी घेऊन झोपू नका.

सलाईन लावण्याआधी हाताला ओला कोमट टॉवेल दहा मिनिटं गुंडाळला तर शीर फुगून सापडते. ही चांगली सवय आहे. पण केमो शिरेबाहेर झिरपून हात जळजळू लागला तर शेक देण्याची घाई करू नका. व्हिन्क्रिस्टिन झिरपलं असेल तर ऊब देतात, डॉक्सोरुबिसिन झिरपलं असेल तर गार पट्टी. उलटं केलं तर नुकसान वाढतं. आधी सलाईन बंद करायला सांगा, सुई तशीच राहू द्या आणि सिस्टरना बोलवा.